स्लॅबवरचे वाफे

हिंगणवाडीची नदी उन्हाळ्यात वाहत नाही. माघ सरता सरता वरचं पाणी आटतं आणि नदी वाळूखाली जाते. वाडीतल्या कुणाला त्याचं कधी काही वाटलं नाही. फाल्गुन लागला की बायका नदीत उतरायच्या आणि आपापल्या घराचा झिरा उकरायच्या. झिरा म्हणजे वाळूतला कंबरभर खड्डा. कडेची वाळू ढासळू नये म्हणून त्यात तुराट्यांचं बिनबुडाचं कणगं उतरवायचं. मग तळाशी नितळ पाणी हळूहळू साचत यायचं. ते नारळाच्या नरोटीने घागरीत भरत बसायचं. वेळ लागायचा, पण घागर भरायची.

झिऱ्याची रीत ठरलेली होती. घरात नवी सून आली की पहिल्या फाल्गुनात सासू तिला नदीत नेऊन जागा दाखवायची आणि त्या दिवसापासून झिरा सुनेचा व्हायचा. दुसरीच्या झिऱ्यात नरोटी घालायची नाही. झिऱ्याच्या वरच्या अंगाला गाडीबैल घालायचे नाहीत. घराच्या कामाला वाळू लागलीच तर वाडीच्या खाली, नदीच्या वळणापलीकडे जाऊन आणायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या सालीही नुसतं शिंतडून गेला होता. दिवाळीच्या आतच विहिरींचे तळ दिसले. बन्सीने आपल्या विहिरीवरची मोट उतरवून गोठ्यात टांगली आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. दोन्ही पोरींना त्याच्या बायकोने, साळूबाईने, माहेरी पोचवलं. घरात राहिली ती दोघं, बन्सीची म्हातारी आई झुंबरबाई आणि दोन बैल. या पाच जिवांना साळूबाईच्या झिऱ्याचा आधार होता. फाल्गुनात तिने झिरा उकरला तेव्हा कणगं नेहमीपेक्षा हातभर खोल उतरवावं लागलं. पण पाणी लागलं. तिने पहिली नरोटी नदीलाच वाहिली आणि दुसरी सासूच्या हातावर घातली.

अशा वेळी गहिनीनाथ लॉरी घेऊन आला.

गहिनीनाथ बन्सीचा चुलतभाऊ. दोन वर्षं नगरात एका ठेकेदाराकडे होता. तिथली पांढरी टोपी, तिथलं घड्याळ आणि तिथलं बोलणं घेऊन तो मारुतीच्या पारावर बसला. नगराबाहेर नवी वसाहत उठते आहे, म्हणाला. माळाचे माळ आखलेत. पेन्शनीतले साहेब, वकील, दुकानदार घरं बांधताहेत, पत्र्याची नाहीत, स्लॅबची. त्यांना वाळू पाहिजे. ठेकेदाराने नदीचा परवाना काढला आहे आणि सरपंचाने हो म्हटलं आहे.

"तीन मैल चालत जाऊन खडी फोडन्यापरीस हितं घरच्या नदीत लॉऱ्या भरा की," गहिनीनाथ म्हणाला. "उनाचं उठून कुठं जायाचं न्हाई. दुपारला घरची भाकर."

झुंबरबाई पाराच्या खाली काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "आरं नाथा, वाळू म्हंजी पान्याचं पांघरून हाय. उघडं पडलं तर पानी ऱ्हाईल व्हय?"

"आगं चुलते, वाळू काय सोनं हाय का? एक पूर आला की पुना जिथल्या तिथं."

सगळे हसले. बन्सीही हसला. कारण ते खरंच होतं. दर पावसाळ्यात नदी जुनी वाळू न्यायची आणि नवी आणून टाकायची. हे त्यांनी जन्मापासून पाहिलं होतं. वाळू संपते, असं या लोकांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. नदीवर माणसाने इतका भरवसा टाकावा आणि त्याच भरवशाने त्याचा गळा कापावा, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भरणी सुरू झाली. बन्सी फावड्याने ओढायचा, दुसरा घमेलं उचलायचा, लॉरीवरचा ओतून घ्यायचा. वरच्या थरातली कोरडी वाळू तळव्यांना भाजायची. खालची ओली लागली की बरं वाटायचं. ओल्या वाळूतून पाणी गळत असायचं, लॉरीच्या फळ्यांतून धार लागायची, आणि नदीतून काठावर जाईपर्यंत लॉरीमागे ओली रेघ उमटायची. बन्सी ती रोज बघायचा. ते पाणी कुणाचं, हे त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं की तो फावडं जोरात मारायचा.

पहिल्यांदा लॉऱ्या खालच्या अंगाला होत्या. मग खालचं सरलं आणि त्या वर सरकल्या. काठावर करंजाची आणि जांभळाची झाडं होती, पोरं सुट्टीभर त्यांच्याखाली पडून असायची. लॉऱ्यांना वळायला जागा पाहिजे म्हणून आधी दोन तोडली. लाकडाला वसाहतीच्या वीटभट्टीवर गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर मग उरलेलीही तोडली. आता दिवस मावळला तरी नदीतून गार वारा यायचा बंद झाला. उघडा पडलेला खडक दिवसभर तापायचा आणि रात्री ती धग घराघरांत यायची.

"हवा फिरली गं," झुंबरबाई अंगणात पडल्या पडल्या म्हणायची. "चैतात आसं कदी हुईत न्हवतं. नदीकडनं वारं यायाचं तर अंगावर धडूतं घ्यावं लागायचं."

"झाडं ऱ्हायली न्हाईत तर वारं कुठलं आत्याबाई," साळूबाई म्हणायची आणि तांब्यातलं पाणी उंच धरून तिच्या तोंडात थोडं थोडं सोडायची. झिऱ्याचं पाणी आता घोटाघोटानं प्यावं लागत होतं.

एका दुपारी ती झिऱ्यावर बसली होती. घागर पाऊण भरली होती. तापलेली लॉरी येऊन शेजारी थांबली, डायवर पत्र्याचा डबा घेऊन उतरला आणि एक शब्द न बोलता त्याने डबा सरळ कणग्यात बुडवला. तळ ढवळला. नितळ पाण्याचा एका क्षणात राडा झाला.

"आरं ए! पेयाचं पानी हाय ते!"

"इंजिन तापलंय बाई. त्यालाबी पेयाचंच हाय," डायवर म्हणाला आणि हसत रेडिएटरचं झाकण उघडलं.

साळूबाईने नरोटी टाकली आणि त्याच्या हातातला डबा धरला. ओढाताणीत डबा कलंडला आणि पाणी दोघांच्या पायावर सांडलं. वाळूने ते आवाज न करता पिऊन टाकलं. तिकडून गहिनीनाथ धावत आला.

"वैनी, काय चालवलंय? परक्या मान्साच्या हाताला झोंबता?"

"भावजी, त्यानं माझ्या झिऱ्यात हात घातला."

"माझ्या म्हंजी? नदी सरकारची हाय. परवाना हाय आमच्याकडं."

साळूबाईने बन्सीकडे पाहिलं. तो दहा हातांवर फावडं धरून उभा होता. त्याच्या घरच्या झिऱ्यात परक्याचा डबा गेला होता, आणि सुनेच्या झिऱ्याचा मान काय असतो हे त्याला सांगायची गरज नव्हती. पण तो पुढे आला नाही. खाली मान घालून वाळू ओढू लागला. साळूबाईने राड लागलेली नरोटी पदराने पुसली, पाऊण घागर उचलली आणि घरी गेली.

चैत्राच्या शेवटी फावडी खडकावर वाजू लागली. साळूबाईच्या झिऱ्याचं कणगं उघडं पडलं आणि एका सकाळी आडवं होऊन पडलं. तिथे आता कपारीत दोन बोटं हिरवट पाणी होतं आणि त्यावर डास होते. लॉऱ्यांनी आपलं काम उरकलं. नेण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर त्या आल्या तशा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर गहिनीनाथही गेला. जाताना त्यांच्या चाकांनी वाडीच्या वाटेवरच्या ओढ्याचा उतार उखडून ठेवला होता. तो बुजवायला कुणी थांबलं नाही.

आता पाणी दीड कोसावरच्या एका वस्तीच्या विहिरीतून आणायचं, तेही त्या वस्तीवाल्यांनी भरून घेतल्यावर. सरपंचाने अर्ज केला, सरकारातून टँकर मंजूर झाला. एकदा आला. हिरव्या रंगाचा, मागचा दिवा फुटलेला. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. त्यानंतर तो पुन्हा काही दिसला नाही.

नदीत काम नाही आणि खडीच्या कामावर बन्सीची जागा दुसऱ्याने घेतलेली. तेव्हा वाळू गेली तिकडेच तोही गेला, चार कोस चालत, नगराला.

नव्या वसाहतीत शिरल्या शिरल्या त्याला झळ लागली. वाडीतही ऊन होतं, पण हे निराळं. माळ सगळा खरवडून काढलेला, झाडाचं नाव नाही. डांबर मऊ होऊन वहाणांना चिकटत होतं. चारी बाजूंनी विटा आणि सिमेंट ऊन पिऊन बसलं होतं आणि दिवस मावळल्यावर ते सगळं परत फेकायचं. मजूर अर्ध्या भिंतींच्या आडोशाला झोपायचे आणि पहाटेपर्यंत कुशी बदलायचे. भट्ट्यांचा धूर वर जायचा नाही, तिथेच डोक्यावर बसून राहायचा.

मुकादमाचं नाव कारभारी. त्याने बन्सीला वरून खाली पाहिलं.

"शेती करतो का?"

"व्हय."

"वाफे बांधाया येतात?"

बन्सीला वाटलं, साहेबाला बाग करायची असेल. "येत्यात की," तो म्हणाला. "कुठं करायचे?"

कारभारीने बोट वर केलं. "त्या स्लॅबवर."

बन्सी शिडी चढून वर गेला. काल ओतलेला स्लॅब सपाट पसरला होता. त्याच्यावर चिखलाचे बांध घालून वाफे पाडायचे आणि त्यात पाणी भरून ठेवायचं. सिमेंट मुरायला पाणी लागतं. रोज दोन वेळा भरायचं आणि आटू द्यायचं नाही. पंधरा-वीस दिवस तरी.

त्याने माती कालवली. ओल्या मातीचा वास नाकात गेला आणि त्याचे हात आपोआप चालू लागले. दोन वर्षांत त्याने वाफा बांधला नव्हता. गुडघ्यावर बसून, तळहाताने चोपत, त्याने बांध ओढले. गव्हाला पाणी भरताना असतात तसे सरळ आणि सारखे. खाली टँकर आला, वर नळी आली आणि पाणी सुटलं. एक वाफा भरला की बांधाला तोंड फोडायचं, दुसरा भरला की बुजवायचं. पाणी कोपऱ्यापर्यंत जातं का ते तो वाकून बघत होता. गार पाणी पायाच्या भेगांत शिरलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो तिथेच थांबला. घरी आई घोट घोट पाणी पीत होती आणि हा इथे दगडाला पाणी पाजत होता.

"वा!" मालक शिडीवरून डोकं काढून म्हणाले. हे नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले साहेब, शांत, चष्मेवाले. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. "शेतकऱ्याचा हात तो शेतकऱ्याचाच. पाणी जरा जास्तच ठेवा हं. खालची खोली गार राहते."

"जी."

"अहो, पूर्वी नगरात उन्हाळ्यात पंखा लागत नसे. आता बघा. हवाच बिघडलीय. तुमच्याकडे बरं, मोकळं रान."

बन्सीला त्यांना विचारायचं होतं की साहेब, हवा आपोआप बिघडली का? ती बिघडवून तुम्ही तिच्यावर घर बांधलंत आणि आता तिचीच तक्रार करता? पण साहेबांना काही विचारायचं म्हणजे आधी "साहेब" म्हणावं लागतं, आणि तो शब्द तोंडातून गेला की पुढचं काही येत नाही.

संध्याकाळच्या पाळीला टँकर आला तेव्हा तो नळी घ्यायला खाली उतरला. टँकर हिरवा होता. मागचा दिवा फुटलेला होता. टाकीवर पुसट हळदकुंकू होतं.

"आरं, ह्यो तर आमच्या वाडीचा टँकर हाय," तो डायवरला म्हणाला.

"कंची वाडी?"

"हिंगनवाडी."

"तुमचीच व्हय ती!" डायवर चिडला. "कसं यायाचं तुमच्या वाडीला? वढ्याचा उतार पार फुटलाय. टाकी कलंडली तर भरून कोन देनार? तुमीच लॉऱ्या घातल्या, तुमीच रस्ता मोडला."

"मग आमचं पानी?"

"फेरा तर वरनं, कचेरीतनं लावलाय. भरलेली टाकी कुठंतरी रिकामी कराया नगं?" असं म्हणून त्याने नळी बन्सीच्या हातात दिली.

बन्सी नळी घेऊन वर चढला. आपल्या वाडीचं पाणी त्याने आपल्या हाताने वाफ्यांत सोडलं. दुसऱ्या दिवशी सोडलं, तिसऱ्या दिवशीही सोडलं. ओरडला असता तर काम गेलं असतं, आणि काम गेलं असतं तरी टँकर वाडीला गेला नसता. असं तो स्वतःला समजावत होता. असं समजावून घेणाऱ्यांच्या जिवावरच तर ही वसाहत उभी राहत होती.

त्या आठवड्यात साळूबाई आली. पहाटे निघून चार कोस चालत आली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकामा हंडा. त्या उन्हाळ्यात बायका कुठेही जायच्या तर भांडं घेऊन जायच्या. कोण कुठे पाणी देईल सांगता येत नव्हतं. शोधत शोधत ती नेमकी त्या घरापाशी आली. बन्सी वर होता. तिला खालून त्याचे पाय दिसले आणि पायांवरून गळणारं पाणी दिसलं.

"अवं!"

तो शिडीच्या तोंडाशी आला. "तू? हितं कशी?"

"आत्याबाईंनी आंथरून धरलंय. जीभ कोरडी पडलीय. टँकर आला न्हाई. त्या वस्तीवाल्यांनी हीर बंद केली. कचेरीत जाऊन इचारा म्हनून सांगाया आले." एवढं बोलून ती थांबली. "वर काय करताय?"

"काई न्हाई. पानी मारतुय."

तिने हंडा खाली ठेवला आणि शिडी चढली. दोन पायऱ्या राहिल्या असताना तिचं डोकं स्लॅबच्या वर आलं आणि समोर तिला वाफे दिसले. नीट, सारखे, काठोकाठ भरलेले. पाण्यात आभाळ दिसत होतं. तिने नवऱ्याचे हात ओळखले. आपल्या गव्हाला तो असेच वाफे घालायचा.

"काय पेरलंय ह्यात?" तिने विचारलं.

बन्सी वाकून बांधाचं तोंड बुजवू लागला.

"काय पेरलंय, इचारते मी."

"स्लॅबला लागतं पानी. भेगा पडत्यात न्हाईतर."

साळूबाईने ओठांवरून जीभ फिरवली. तिच्या ओठांना भेगा होत्या, टाचांना होत्या. चार कोसांच्या रानाला भेगा होत्या, पाय जाईल एवढ्या. तिने तेवढ्यात खाली उभा असलेला हिरवा टँकर पाहिला आणि त्यावरचं कुंकू पाहिलं. ते तिनेच लावलं होतं.

"तुमाला ठावं हुतं?"

"साळे, आईक माझं..."

"तुमाला ठावं हुतं."

ती खाली उतरली. टँकरकडे गेली नाही. घराच्या कडेला गिलाव्यासाठी वाळूचा ढीग पडला होता. काळी वाळू, मधेमधे शिंपल्यांचे पांढरे तुकडे. असली वाळू त्या मुलखात एकाच नदीत होती. साळूबाईने हंडा ढिगात आडवा घातला आणि दोन्ही हातांनी वाळू आत लोटू लागली.

"ए बाई! काय करती?" कारभारी मुकादम धावला.

"माझी हाय."

"काय तुझी हाय?"

"वाळू माझी हाय. माझ्या झिऱ्याची हाय. पानी तुमी घ्या, दगडाला पाजा. माझी वाळू मला द्या."

काम थांबलं. गवंडी, बिगारी, विटा वाहणाऱ्या बाया सगळे बघू लागले. कुणी तरी हसलं. साळूबाई हंड्यात वाळू भरतच होती. नखांत वाळू गेली, काकणाने हात कापला, तिला भान नव्हतं. बन्सी शिडीवरून उतरला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. तिला आवरायचं की तिच्याबरोबर भरू लागायचं, हे त्याला कळेना.

कारभारीने हंड्याला लाथ मारली. हंडा गडगडत गेला आणि सगळी वाळू सांडली. मग त्याने तो उचलून काखेत मारला. "दिवसाढवळ्या चोरी? हंडा जप्त. ठेकेदार आल्याशिवाय मिळायचा न्हाई."

"चोरी?" साळूबाई उभी राहिली. "चोरी मी केली?"

तिचा आवाज असा चढला की मालक बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय ते कधी बोलत नसत. मग चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमची अडचण मला समजते. पण वाळू मी पैसे देऊन घेतलीय. उद्या दहाजणी येतील. शिस्त राहिली पाहिजे ना?"

"सायेब, आमच्या नदीत खडक उघडा पडलाय."

"तेच तर. तुम्ही लोक पाण्याचा आधी विचार करत नाही." ते अगदी मायेने बोलत होते. "बरं, असं करा. मुकादमाची माफी मागा. हंडा परत घ्या. आणि टँकरमधून तो भरूनही घ्या. माझी हरकत नाही. पाण्याला मी नाही म्हणणार नाही."

साळूबाईच्या वाडीचं पाणी, साळूबाईच्या वाडीच्या टँकरमधून, साहेब तिला उदार होऊन देत होते. आणि गंमत अशी की त्यांना खरोखरच आपण उदार आहोत असं वाटत होतं.

बन्सी पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "मुकादम, मी मागतो माफी. चुकलं आमचं."

"तू न्हवं," कारभारी म्हणाला. "तिनं. समद्यांदेखत."

साळूबाईने हंड्याकडे पाहिलं. तो तिच्या आईने लग्नात दिलेला, तांब्याचा. त्याहीपेक्षा तिला घरातलं अंथरूण दिसत होतं आणि आत्याबाईंची आत ओढलेली जीभ. नाही म्हणून ताठ मानेने निघून जायला तिला खूप आवडलं असतं. पण ताठ मानेवर हंडा भरलेला पाहिजे, आणि रिकाम्या हाताने घरी गेली तर म्हातारी रात्र काढील की नाही याची खात्री नव्हती.

"चूक झाली," ती म्हणाली.

"कशाची?"

"वाळू घेतली त्याची."

"चोरली म्हन."

साळूबाईच्या मानेची शीर वर आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. बन्सीने डोळे मिटून घेतले.

"चोरली."

"झालं!" मालक म्हणाले. "इतकं सोपं होतं. भर रे हिचा हंडा."

हंडा भरला. साळूबाईने चुंबळ नीट केली आणि हंडा डोक्यावर घेतला. बन्सीने फावडं भिंतीला टेकवलं आणि तिच्यामागे चालू लागला.

"आता गेलास तर उद्या येऊ नगंस," कारभारी ओरडला. "संध्याकाळचं पानी कोन मारनार?"

बन्सीने मागे पाहिलं नाही.

चार कोस दोघं चालली. बन्सीने दोनदा हंडा मागितला, तिने दिला नाही. वाटेत कुठे टेकली नाही, कुठे घोट घेतला नाही. डांबरी सडक संपली, भट्ट्यांचा धूर मागे राहिला, ओढ्याचा फुटलेला उतार ती तिरक्या पावलांनी उतरली आणि चढली, आणि थेंब सांडू दिला नाही. नदी ओलांडताना खडकाची धग पोटऱ्यांना लागत होती.

घरात झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. साळूबाईने तिच्या मानेखाली हात घातला, तिला बसतं केलं आणि तांब्या ओठाला लावला. म्हातारीने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. मग हंड्याकडे आणि सुनेकडे पाहिलं.

"भरला हंडा दिसतुय. कुठनं आनलंस गं?"

"नगरातनं."

"कुनी दिलं?"

"एका सायबानं."

"देव त्याचं बरं करो," म्हातारी म्हणाली आणि तिसऱ्या घोटाला तोंड पुढे केलं.

साळूबाईला ते सहन झालं नाही. चार कोस तिने सगळं तोंडात धरून आणलं होतं. "त्याचं बरं म्हनू नका आत्याबाई," ती म्हणाली. "फुकट न्हाई दिलं. माफी मागून आनलंय."

"कशाची माफी?"

"आपली वाळू चोरल्याची. मी चोरली, असं समद्यांदेखत म्हनले मी."

झुंबरबाईचा घोट तोंडातच राहिला. गाल फुगलेले, डोळे सुनेच्या तोंडावर रोखलेले. दारात बन्सी उंबऱ्याला टेकून उभा होता. आई आता थुंकणार असं त्याला वाटलं. थुंकली असती तर त्याला बरं वाटलं असतं, निदान घरातल्या एका माणसाने तरी त्या पाण्याला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. पण त्या साली पाणी थुंकायची कुणाची हिंमत नव्हती. म्हातारीच्या गळ्याची कातडी वर गेली, खाली आली. तिने तो घोट गिळला.

मग तिने तांब्या हाताने बाजूला सारला.

"मला बास झालं," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं बैलांला दाव. त्यांला काय कळतंय."